पाचवी ओळ

तो चालवायचा आणि ती बघायची.

आता, पहिल्यापासून काही असं नव्हतं. पहिल्यांदा तोच चालवायचा, तोच बघायचा, आणि ती शेजारी बसून मांडीवरचा डबा सांभाळायची. त्यांचा काचा वाहायचा टेम्पो होता. खिडक्यांची तावदानं, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाव्याकडचे उभे आरसे. काच उतरवायला दोन माणसं लागतात, एक धरणारं आणि एक वाट दाखवणारं, म्हणून लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर फिरली. लोक त्याला काचवाले म्हणायचे, तिला काचवालीण. त्याचा हात असा हलका, की मागे उभ्या केलेल्या आरशांतलं आभाळसुद्धा डचमळत नसे.

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही गेले. निघालेला पाहुणा दारात रेंगाळतो ना, तसे रेंगाळत रेंगाळत गेले. कडेकडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. झाड दिसायचं, घर दिसायचं, आणि दोघांच्या मधे उभ्या असलेल्या माणसाच्या जागी धुराचा गोळा. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, आतला पडदाच मधोमध झिजलाय, ह्याला चष्मा नाही की ऑपरेशन नाही.

दवाखान्याबाहेर येऊन तो म्हणाला, "जन्मभर काचा वाहिल्या, निदान काचबिंदू तरी व्हायचा. तेवढाही मान नाही बघ."

ती हसली नाही.

"पोराला कळता कामा नये," तो पुढे म्हणाला. "तिकडे परक्या देशात बसून जिवाला घोर लावून घेईल. शपथ आहे तुला."

तेव्हापासून ती बघायला लागली. तो चाकावर, ती शेजारी, आणि तिच्या तोंडाची टकळी चालू. "समोर सायकल. धीराने. डावीकडून बाई, कडेवर पोर. गेली. खड्डा, उजवीकडून काढा. म्हातारा थांबलाय, थांबा तुम्हीही. गेला. चला." तिची आई जात्यावर ओव्या गायची, त्या ऐकत ती वाढलेली. बोलणं आपोआप त्याच चालीवर यायचं, आणि त्याचे पाय त्या चालीवर ब्रेकवर पडायचे नि उचलले जायचे. तिने डावीकडे म्हटलं की तो डावीकडे. का म्हणून कधी विचारलं नाही. हे बरं नव्हे, एखाद दिवशी कुणाच्या तरी जिवावर बेतेल, हे तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण पोटाची खळगी होती, आणि त्याचा चेहरा होता. टेम्पोत बसला की तो माणूस दिसायचा, उतरला की नुसता सदरा.

शेवटी मुलानेच दोघांना आपल्याकडे बोलावून घेतलं. टेम्पो विकला, तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास सोडला. चला, संपलं एकदाचं.

कुठलं संपायला!

मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडक्या घट्ट बंद, भिंती पांढऱ्या, चालताना पायांचा आवाज नाही. मुलगा आणि सून उजाडता उजाडता कामाला जायचे. नात सात वर्षांची, सगळे तिला ठकी म्हणायचे. दोन वेण्या आणि दोन पडलेले दात. काचवालीण स्वस्थ बसणारी नव्हे. जवळच्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचं काम तिने धरलं. चादरीला भाषा लागत नाही. दोघी बायकांनी टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, लांब जायचं. सकाळची वेळ तिची तिथेच जायची.

आणि तो? तो आपला घरात कोपऱ्यातल्या छत्रीसारखा. पाऊस नसताना छत्रीची आठवण कुणाला येते? सोफ्याच्या कडेला बसायचा, टीव्हीकडे तोंड करून. टीव्हीत त्याला फक्त चौकट दिसायची.

एका जेवणाच्या वेळी मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं लायसन्स इथलं करून घेऊ. जुनं दिलं की नवं देतात, गाडी चालवून दाखवायची नाही, काही नाही. नुसते डोळे तपासतात. मग सकाळी ठकीला शाळेत तुम्हीच सोडत जा. आमची धावपळ वाचेल. एवढी वर्षं गाडी चालवलीत, हात गंजून जातील नाहीतर."

काचवालिणीच्या हातातला घास हातातच राहिला. तिने नवऱ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी त्याची मान ताठ झाली होती.

"करू की," तो म्हणाला. "त्यात काय एवढं!"

"आजोबा, गाणी लावायची हां गाडीत!" ठकी ओरडली.

त्या रात्रीचं जेवण त्याने दोनदा वाढून घेतलं.

कागद द्यायला पहिल्यांदा ते लायसन्सच्या कचेरीत गेले, तेव्हा मुलगा खिडकीशी उभा होता आणि ही दोघं बाकावर. समोर एका खोलीचं दार सताड उघडं. आत भिंतीवर तक्ता. त्यावर अक्षरं नव्हती; तीन दातांचा एकच कंगवा, कधी दात उजवीकडे, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. वर एकटा मोठा कंगवा, खाली ओळीओळीने लहान होत गेलेले. आत बसलेला एक दाढीवाला एक डोळा काळ्या पळीने झाकून, दात जिकडे असतील तिकडे हात दाखवत होता. बोलायचं कामच नाही.

"तुला दिसतंय का इथून?" तो तोंड न वळवता पुटपुटला.

"काय?"

"तेच. जे काय लटकवलंय ते."

ती हळूच म्हणाली, "दिसतंय. पाचव्या ओळीपर्यंत विचारतात. तिथे त्याला पुरे म्हणाली ती तपासणारी बाई."

"मग बघून ठेव. तुझ्या डोक्यात शंभर ओव्या राहतात, ह्या पाच ओळी काय जड आहेत?"

तिने बघून ठेवलं. काय करणार? तो 'बघ' म्हणाला की तिचे डोळे बघायचेच, जन्माची सवय. घरी येईपर्यंत तिच्या ओठांवर ते कंगव्यांचं कुटुंब नांदायला लागलं होतं.

दुपारी घरात दोघंच असायची. ती कपड्यांच्या घड्या घालायची नि गुणगुणायची, तो सोफ्यावर बसून हात हलवायचा.

थोरला तो उजवीला, एकला गं कारभारी
एक जाऊ खाली बघे, दुजी बघे वर दारी
तिघे दीर रुसलेले, दोन डावे, एक वर
उजवा, खाली, डावा, वर, चौघांचं हे भरलं घर
पाच पोरं पंगतीला, उजवा, वर, मग डावा
खाली एक, फिरून उजवा, पाहुणाच म्हणावा

"पोरांची पंगत पुन्हा म्हण," तो म्हणायचा. ती म्हणायची. त्याचा हात उजवीकडे जायचा, वर, डावीकडे, खाली, पुन्हा उजवीकडे. काच पुसल्यासारखा. चार-सहा दिवसांत त्याला सगळं तोंडपाठ झालं. चुकला की स्वतःच जीभ चावायचा आणि हसायचा. अहो, हसायचा! ते हसू बघून तिचा जीव सुपाएवढा व्हायचा, आणि लगेच मुठीएवढा.

एकदा तिने विषय काढून पाहिला. "राहू द्या ना ते लायसन्स. चालत सोडत जा ठकीला."

"मोठा रस्ता आहे मधे. चालत जाऊ देत नाही आपला मुलगा तिला."

"म्हणून तर म्हणते. मी नसणार हो शेजारी. मी धुलाईला असते."

"मग रस्त्याचीही ओवी कर," तो सहज म्हणाला. "रस्ता तर एकच आहे. कुठे वळायचं, कुठे थांबायचं. पाठ करतो मी."

"तक्ता भिंतीला खिळलेला असतो. रस्ता रोज नवा येतो."

तो म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच. पोरगी शेजारी बसेल, ती सांगेल की मला."

सात वर्षांची पोर! मुलाला सांगून टाकावं, असं काचवालिणीच्या शंभरदा मनात आलं. पण शपथ होती. आणि शपथेपेक्षा मोठं म्हणजे, सांगितल्यानंतरचं घर तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. सून जपून बोलेल. मुलगा त्याचा हात धरून त्याला मोरीपर्यंत नेईल. ठकीला सांगतील, आजोबांना त्रास देऊ नकोस. त्याचा मग सदराही उरणार नाही.

अशात एका संध्याकाळी ती ठकीच्या वेण्या सोडत होती. ठकी एकदम फिस्सकन हसली.

"आजी, तुला गंमत सांगू? आजोबा आणि मी रोज लपाछपी खेळतो."

"हो का? कुठे लपतेस गं एवढ्याशा घरात?"

"मी लपतच नाही!" ठकीने तोंडावर हात दाबला. "मी नुसती त्यांच्या समोर उभी राहते. अश्शी. अगदी नाकासमोर. ते माझ्याकडे बघतात नि म्हणतात, कुठे गेली बाई ठकी? रोज मीच जिंकते!"

कंगवा केसांत अडकून राहिला.

"आई गं! आजी, दुखतंय ना!"

"उगी," आजी म्हणाली. "उगी, उगी." ती ठकीला म्हणत होती की स्वतःला, तिचं तिलाच कळलं नाही. मोकळे केस तिने पुन्हा घट्ट विणायला घेतले, आणि विणता विणता तिला दिसत राहिला तो मोठा रस्ता, नि रस्त्याच्या मधोमध दोन वेण्या, आणि वेण्यांच्या जागी धुराचा गोळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घड्या घालायला बसली. तो म्हणाला, "चल, म्हण." तिने म्हटलं. चार ओळी होत्या तशाच. पाचवीला आवाज जरा घसरला, तिने खाकरून घेतला आणि म्हणाली,

पाच पोरं पंगतीला, उजवा, खाली, मग डावा
वर एक, फिरून उजवा, पाहुणाच म्हणावा

यमक तेच, चाल तीच. वरचा फक्त खाली बसवला नि खालचा वर. ती उशीच्या अभ्र्याच्या कडा जुळवत राहिली. त्याचा हात उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिने पुन्हा तेच म्हटलं. या वेळी आवाज घसरला नाही. त्याचा हात उजवीकडे गेला, खाली, डावीकडे, वर, पुन्हा उजवीकडे. 

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर रोज त्याने तसंच म्हटलं, तसंच दाखवलं. ती मनात म्हणायची, देवा, ह्याला संशयही येत नाही, लहान मुलासारखा विश्वास टाकलाय ह्याने. आणि तिच्याच्याने त्याच्याकडे बघवायचं नाही. बघणं हेच जिचं काम, तिच्याच्याने.

नेमल्या दिवशी मुलाने अर्धी रजा काढली. काचवाल्याने इस्त्रीचा सदरा घातला, केस पाण्याने बसवले. खिडकीवरच्या बाईने मुलाशी काहीतरी बोलणं केलं आणि हात पुढे केला.

"बाबा, जुनं लायसन्स द्यायचं त्यांना."

त्याने खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून ते कार्ड. कडा झिजलेल्या, त्यावर मिशा काळ्याभोर असतानाचा फोटो. त्याने ते अंगठ्याने चाचपलं.

"परत देतात ना?"

"नाही बाबा. ते इथेच राहतं. त्याच्या बदल्यातच तर नवं."

त्याने दिलं. बाईने ते एका यंत्राखाली धरलं, कट्कन आवाज झाला, आणि कार्डाच्या मधोमध भोक पडलं. आरपार. नुसता आवाज ऐकून तो दचकला. "काय केलं गं?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "शिक्का मारला."

मग त्याला त्या खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं. मुलगा चौकटीशी उभा राहिला, ती त्याच बाकावर बसली. डोळे तपासणारी बाई पोक्त होती, हसून बोलणारी. तिने त्याच्या हातात काळी पळी दिली, काठीने वरचा मोठा कंगवा दाखवला. काचवालीण जिवाचा कान करून बसली. त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते. हात उजवीकडे गेला. खाली, वर. डावीकडे, डावीकडे, वर. चौघांचं घर बिनचूक भरलं. बाईने मान डोलावली. मुलाने मागे वळून आईकडे बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाला, झालंच.

काठी पाचव्या ओळीवर आली.

हात थांबला.

उठावं नि ओरडावं, अहो, आधी वर, आधी वर! टेम्पोत असती तर ओरडलीच असती. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

हात उजवीकडे गेला. मग सावकाश खाली. डावीकडे. वर. उजवीकडे.

बाईने भुवया उंचावल्या. काठी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेली, जरा सावकाश सरकवली. त्याने पुन्हा तसंच दाखवलं. दुसरा डोळा झाकून पुन्हा तसंच. बाई मुलाशी बोलली, अगदी समजावणीच्या सुरात, काचवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून. कागदावर काहीतरी लिहून दिलं.

"काही नाही हो बाबा," बाहेर येता येता मुलगा म्हणाला. "शेवटच्या ओळीत दोन चुकले. चष्मा लागेल म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आणायचा, पुन्हा यायचं. फार नाही. तुम्ही दोघं इथे फुटपाथवर थांबा, मी गाडी घेऊन येतो."

तो गेला. कचेरीच्या भिंतीला टेकून दोघं उभी राहिली. वारा थंड होता, आभाळ धुतलेल्या पण न वाळलेल्या चादरीसारखं. माणसं जात-येत होती. नेहमीसारखं सांगायला तिने तोंड उघडलं, समोर पायरी आहे, आणि मिटलं.

"चौथ्यापर्यंत जमलं ना?" त्याने विचारलं.

"जमलं."

"पाचवीत वर आधी होतं." त्याचा आवाज अगदी साधा होता. "पहिले सहा दिवस तू तसंच म्हणत होतीस. नंतर बदललंस."

तिने वळून सरळ त्याच्याकडे बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं? मग दाखवलं का नाहीत तसं? हातात होतं तुमच्या."

"तू खाली म्हणालीस," तो म्हणाला. "आजवर तू उजवीकडे म्हणाल्यावर मी कधी डावीकडे वळलोय?"

तिने पदर तोंडाशी धरला. "ती ठकी..."

"माहीत आहे. तिच्या बुटांचा आवाज येतो मला. समोर उभी राहते नि हसू दाबते." तो थांबला. "मला वाटायचं, मी मुद्दाम हरतो असं तिला वाटत असेल. तेवढंच बरं, म्हणायचो."

एक बाई कुत्रं घेऊन त्यांच्यापुढून गेली. त्याने उगाचच सदऱ्याचा खिसा चाचपला. खिसा हलका होता.

"दिवसभर आता काय करू गं मी?" त्याने विचारलं.

वाऱ्याने उडालेले त्याचे केस तिने हाताने नीट बसवले.

मुलाची गाडी आली. पुढचं दार उघडून मुलगा म्हणाला, "बाबा, पुढे बसा." पण तो चाचपडत मागच्या दाराशी गेला आणि मागे बसला. त्यामुळे ती पुढे बसली, मुलाच्या शेजारी. इथल्या गाड्यांत सगळं उलट्या अंगाला. ज्या बाजूला जन्मभर तो असायचा, त्या बाजूला आता ती होती, आणि पुढ्यात चाक नव्हतं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"शनिवारी जाऊ डॉक्टरकडे," मुलगा म्हणाला. "चांगला चष्मा करून टाकू."

"चष्मा नको," मागून आवाज आला. "चष्म्याने होण्यातलं नाही ते. केव्हाचंच."

"म्हणजे?"

"म्हणजे मला समोरचं दिसत नाही रे. गावी होतो तेव्हापासून. टेम्पो चालवायचो तेव्हाही."

मुलाने आरशात बघितलं. बघतच राहिला. "काय बोलताय, बाबा? मग तुम्ही ठकीला..."

"समोर पोर!" ती ओरडली.

ब्रेक कचकन लागला. दप्तर पाठीला लावलेला एक मुलगा गाडीपुढून रस्ता ओलांडून पळाला, पलीकडच्या फुटपाथवर चढला नि वळूनही न बघता गेला. गाडी रस्त्यात उभीच होती.

आणि मागच्या सीटवर, वळून न बघताही तिला ऐकू आलं, त्याच्या बुटाचा तळवा गाडीच्या जमिनीवर घट्ट दाबला गेला होता. मुलाच्या पायाच्या जरा आधीच. तो तसाच दाबून धरलेला होता. ती 'चला' म्हणेपर्यंत तो उचलला जाणार नव्हता, आणि तिला काही केल्या तो शब्द सापडत नव्हता.